पहिली गोधडी? आधी दुपटं शिव

अगं, पहिल्याच खेपेला डबल बेडची गोधडी नको. माझी तशी एक तीन वर्षं माळ्यावर पडली होती, अर्धी शिवलेली. आधी बाळाचं दुपटं कर.

हिशेब बघ. ९० बाय ११० सेंटीमीटरचं दुपटं, दोन-दोन बोटांच्या अंतरावर एक धावदोरा, म्हणजे साध्या सरळ टाक्यांची ओळ, धरलास तर साधारण ३६ ओळी, म्हणजे सुमारे ३२ मीटर शिवण. सात बाय पाच फुटांच्या गोधडीला तीच शिवण शंभर मीटरच्या वर जाते. आता घड्याळ लावून एक ओळ घाल. वीस मिनिटं लागली तर दुपट्याला बारा तास, रोज दोन ओळी घातल्यास अठरा दिवस. "रविवारी संपवते" असं कुणाला सांगू नकोस. विशेषतः सासूबाईंना!

कापड जुनं, सुती, धुऊन मऊ झालेलं घे. एका पाचवारीतून चार थर सहज निघतात. त्याहून जास्त घेतलेस तर सुई अडते आणि बोटं सोलतात. थर ताणून आधी मोठे कच्चे टाके घाल, नाहीतर मध्ये फुगे येतात. टाके वाकडे येतील, येऊ देत. उसवत मात्र बसू नकोस.