टीम हरली की झोप का उडते?

"टीम खोटी, खेळाडू खोटे, तरी तिच्यापायी झोप जाते. हे व्यसन आहे का, मॅडम?" मी समुपदेशक आहे, आणि गेल्या काही वर्षांत हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडून आला आहे. कधी खेळणारा स्वतः विचारतो, कधी त्याची बायको, कधी आई. खेळ क्रिकेटचा असतो, फुटबॉलचा असतो. आज मी बास्केटबॉलच्या एका ऑनलाइन लीगची गोष्ट सांगते आहे, कारण त्या गृहस्थांनी मला त्यांचा खेळ इतका नीट समजावून दिला की पुढचं काम त्यातूनच सुचत गेलं. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय चाळिशीच्या आतलं. कोल्हापूर भागातल्या एका फाउंड्रीत गुणवत्ता विभागात नोकरी. कॉलेजात असताना स्वतः बास्केटबॉल खेळलेले. लीगमध्ये तीस जण, तीस टीम, आणि बहुतेक जण अमेरिकेतले. खेळाडू संगणकानं तयार केलेले, पण प्रत्येकाला वय, कौशल्यांचे आकडे, करार आणि पगार. टीमच्या एकूण पगाराला मर्यादा. दरवर्षी नव्या खेळाडूंचा ड्राफ्ट, म्हणजे पाळीपाळीनं निवड, आणि वर्षभर आपसांत ट्रेड, म्हणजे खेळाडूंची अदलाबदल. लीग चालवणारा कमिशनर ठरलेल्या वेळी काही दिवसांचे सामने एकदम संगणकावर खेळवतो, त्याला ही मंडळी 'सिम' म्हणतात. न्यूयॉर्कला रात्रीचे दहा वाजतात तेव्हा मार्च ते नोव्हेंबर आपल्याकडे सकाळचे साडेसात असतात. म्हणजे निकाल नेमका मुलीच्या स्कूलबसच्या वेळी. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेआठ, म्हणजे कामावर शिरताना. आणि ट्रेडचे निरोप तिकडच्या दुपारी, म्हणजे आपल्या मध्यरात्री.

"टीम हरली त्या दिवशी घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही," त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "मुलगीसुद्धा आधी त्यांच्या तोंडाकडे बघते, मग डबा मागते."

आधी व्यसनाचं बघू. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये, गेमिंगच्या विकाराची नोंद आहे. त्यात तास मोजत नाहीत. खेळण्यावर स्वतःचा ताबा उरला नाही, बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा खेळच वरचढ झाला, आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच राहिलं किंवा वाढलं, ही लक्षणं बघतात. तीही साधारणपणे वर्षभर, आणि घर, शिक्षण किंवा नोकरी यांवर ठळक परिणाम होण्याइतकी. या गृहस्थांचं काम चोख होतं, घरखर्च, आईची औषधं, सगळं वेळच्या वेळी. लीगमध्ये पैसेही लावलेले नव्हते. पैसे लावून खेळणं असेल तर प्रकरण वेगळंच, आणि २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं तसे ऑनलाइन खेळ चालवण्यावर बंदीच घातली आहे. तेव्हा व्यसन हा शब्द मी बाजूला ठेवला. पण दुःख होतं, आणि ते घरभर पसरत होतं.

"हरल्यावर काय होतं?" मी विचारलं.

"वाईट वाटतं."

"वाईट वाटतं त्याच्या आधी डोक्यात काय येतं?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "सगळ्यांना कळलं, असं येतं."

"काय कळलं?"

"की याला यातलं काही कळत नाही."

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हाताखालच्या मुलाला बढती मिळाली होती. हे ओघात बाहेर आलं. माझ्या पेशातले काही जण इथे थांबून मागे मागे खणत गेले असते. मी तसं करत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून मांडलेली आणि मराठीत कि. मो. फडके यांनी रुजवलेली विवेकनिष्ठ पद्धत मी मानते. जखम कधी झाली यापेक्षा आज सकाळी साडेसातला माणूस स्वतःला काय सांगतो, ते मला महत्त्वाचं वाटतं. हे गृहस्थ स्वतःला सांगत होते की निकाल म्हणजे माझ्या अकलेचा दाखला.

गंमत अशी की नशीब या खेळात किती असतं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, ड्राफ्टमधला पहिला नंबर सोडतीनं ठरतो. २०१९ मध्ये आलेल्या नियमानुसार तळाच्या तिन्ही टीमना तो मिळण्याची शक्यता सारखी, प्रत्येकी १४ टक्के. म्हणजे सगळ्यात वाईट खेळलेल्या टीमलाही तो शंभरातल्या ८६ वेळा मिळत नाही. उलट २०२५ मध्ये डॅलसच्या टीमनं तो अवघ्या १.८ टक्के शक्यतेवर मिळवला. गोल्डन स्टेट या टीमनं २०१५-१६ च्या हंगामात ८२ पैकी ७३ सामने जिंकले, सात सामन्यांच्या अंतिम फेरीत ३-१ अशी आघाडी घेतली आणि तरी क्लीव्हलंडकडून हार पत्करली. "मग त्यांचा कोच मूर्ख?" मी विचारलं होतं. "छे! असं कसं म्हणता?" ते जवळजवळ रागावलेच होते.

सगळ्या जगाला लावलेला हा हिशोब ते स्वतःला मात्र लावत नव्हते. मला यातून जे उमगलं ते नंतर कितीतरी जणांच्या बाबतीत उपयोगी पडलं. माणसाला एखादी गोष्ट ठाऊक असते, पण ती आपोआप स्वतःपर्यंत पोचत नाही. तिला हाताला धरून आणावं लागतं. कसं आणायचं, तेवढं समुपदेशकाला सुचायला हवं.

त्याच सुमारास त्यांची टीम अंतिम फेरीचा सातवा सामना हरली. ते आले तेव्हा डोळे सुजलेले होते. मी सांत्वन केलं नाही. विचारलं, "हाच सामना पुन्हा खेळवता येतो?"

"लीगमध्ये नाही. पण लीगची फाइल माझ्या लॅपटॉपवर असते. माझ्यापुरता खेळवता येईल."

"मग पन्नास वेळा खेळवा. पाच जण तेच, मिनिटं तीच. काहीही बदलायचं नाही. फक्त निकाल लिहून आणा."

पुढच्या वेळी कागद घेऊन आले. २९ विजय, २१ पराभव. आणि चेहऱ्यावर संताप. "बघा मॅडम, कप माझाच होता!"

"त्या २१ वेळा टीम कोण चालवत होतं?"

"मीच."

"आणि २९ वेळा?"

"मीच की."

"म्हणजे २९ वेळा तुम्हाला खेळ कळत होता आणि २१ वेळा कळत नव्हता?"

ते कागदाकडे बघत राहिले. मी मुद्दाम काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकानं घाई केली तर वाक्य त्याचं होतं, समोरच्याचं राहत नाही. बऱ्याच वेळानं ते बोलले, ते फाउंड्रीच्या भाषेत. "मॅडम, एका हीटमधलं, म्हणजे एका वेळी वितळवलेलं, मेटल एकच असतं. साचे एकाच पॅटर्नवरचे. तरी एखादं कास्टिंग ब्लो होल, म्हणजे हवेचं छिद्र, घेऊन येतं. मी रिजेक्शनचा आकडा बघतो, वाळूतला ओलावा तपासतो. त्या एका नगावरून मोल्डरला नालायक नाही म्हणत." थोडं थांबून म्हणाले, "स्वतःला मात्र रोज म्हणतोय."

एवढं ऐकलं आणि मला कळलं की आता अवघड भाग सरला.

पण इथे एक धोका असतो. सगळं नशिबावर ढकललं की माणूस सुटतो, शिकत मात्र नाही. म्हणून मी एक वही घालायला सांगितली. ट्रेड करायच्या आधी कारण लिहायचं, काय घडेल असं वाटतं ते लिहायचं, तारीख आणि वेळ टाकायची. निकालानंतर त्यात अक्षरही बदलायचं नाही. दोन-अडीच महिन्यांनी आम्ही ती एकत्र वाचली. त्यांचे दिवसाढवळ्या केलेले ट्रेड समंजस होते. फसलेले बहुतेक ट्रेड हरल्याच्या रात्री, एकच्या पुढे केलेले. पुढच्या दोन-दोन वर्षांचे पहिल्या फेरीतले ड्राफ्टचे हक्क देऊन तिशी ओलांडलेला, उतरणीला लागलेला खेळाडू घ्यायचा, का, तर उद्याचा सामना जिंकून दाखवायचा. 'दाखवायचा' हा शब्द वहीत त्यांच्याच हस्ताक्षरात होता. लोकांपुढे अक्कल सिद्ध करायच्या धडपडीतच ते वाईट निर्णय घेत होते.

तेव्हा नियम ठरला: हरल्यावर पूर्ण एक दिवस ट्रेड नाही. रात्री साडेदहानंतर फोन बैठकीच्या खोलीत. अमेरिकेतल्या मंडळींना त्यांनी कळवून टाकलं की उत्तर सकाळी मिळेल. कुणीही तक्रार केली नाही. निकाल बघायचा तो बस गेल्यावर.

जिंकावंसं वाटणं मला अजिबात गैर वाटत नाही. हरल्यावर हळहळ वाटावी, तासभर चुटपुट लागावी, यात आजार कसला? रात्रभर स्वतःला कोसणं आणि दुसऱ्या दिवशी घराला वेठीला धरणं, हे मात्र थांबवायला हवं, आणि ते थांबवता येतं. त्यासाठी लीग सोडायची गरज बहुतेकांना पडत नाही. वरची लक्षणं वर्षभर दिसत असतील, किंवा निराशा खेळ बंद असतानाही हटत नसेल, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांना भेटाच.

घरच्यांना माझी एक कळकळीची विनंती आहे. "त्या खोट्या टीमसाठी एवढं?" असं म्हणू नका. टीम खोटी आहे हे त्याला तुमच्याइतकंच माहीत असतं. तुमच्या टोमण्यानं त्याच्या डोक्यातल्या त्याच वाक्याला दुजोरा मिळतो, आणि तो फोन घेऊन आणखी आतल्या खोलीत जातो. त्यापेक्षा विचारा, आज कुणाला खेळवलं, का खेळवलं. आणि तुम्हाला काय हवं आहे ते साफ सांगा.

या गृहस्थांच्या पत्नींनी तेच केलं. शेवटच्या भेटीत त्या म्हणाल्या, "तुमचे प्लेऑफ कधी आहेत ते मला आधी सांगा. महिनाअखेरीला डिस्पॅचची धावपळ असते तेव्हा मी पाहुणे बोलावत नाही, तसं तेव्हाही नाही बोलावणार. पण बाकीच्या सकाळी मुलीची वेणी तुम्ही घालायची." गृहस्थांनी मोबाइल काढला आणि तारखा तिथेच सांगितल्या.