बारा वर्षं व्हायोलिन वाजवल्यावर व्हायोलाकडे वळावं का?

तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीत बारा वर्षं व्हायोलिन वाजवताय, नाट्यसंगीताला साथ करता, आणि आता पुण्यातल्या एका वेस्टर्न ग्रुपला व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचा जरा मोठा, खालच्या सुरातला भाऊ, वाजवणारा हवाय. व्हायोला धरला तर व्हायोलिनचा हात बिघडेल का, आणि लोक ‘व्हायोलिन जमलं नाही म्हणून गेला’ असं म्हणतील का, हे तुमचे दोन प्रश्न. पहिल्याचं उत्तर सरळ आहे: नाही बिघडत. बोटांमधलं अंतर वाढतं, ते थोड्या दिवसांत अंगवळणी पडतं, आणि दोन्ही वाजवणारे भरपूर आहेत. दुसऱ्या प्रश्नावर मात्र मला बोलायचंच आहे. कारण नेमकं हेच वाक्य मी माझ्या सख्ख्या काकांच्या तोंडून, देवळाच्या सभामंडपात, चार माणसांदेखत ऐकलेलं आहे.

आमचं घर वेंगुर्ल्याजवळ. माझ्या हातात गज दिला तो काकांनीच. उत्सवात, लग्नात, नाटकाच्या प्रयोगात त्यांच्या मागे बसून मी साथ करायला शिकलो. आमच्या भागात एक गवई बुवा यायचे, काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून, गायचे, भरदार आवाज. त्यांना साथ करताना मला नेहमी एक गोष्ट खटकायची. काळी एकसाठी आपण व्हायोलिन प सा प सा लावतो. खालची जीची तार अर्धा सूर चढवली की पंचम, त्याच्यावर षड्ज. पण तो षड्ज बुवांच्या षड्जाच्या एक सप्तक वर. म्हणजे बुवा खाली गातायत आणि मी कायम त्यांच्या डोक्यावरून चाललोय. बुवांचाच षड्ज चौथ्या, म्हणजे त्याच सर्वांत खालच्या तारेवर आणायचा तर ती जवळजवळ तीन सूर उतरवावी लागते. मग नेहमीची तार लोंबते आणि आवाज भुसभुशीत होतो. बुवा स्वतः एकदा म्हणाले, “गोड वाजवतोस, पण मला टेकायला काही मिळत नाही.”

तेरेखोलच्या पलीकडे पेडण्यात एक म्हातारे गृहस्थ होते. उमेदीत मुंबईला सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवायचे. त्यांच्याकडे व्हायोला होता, तो मी मागून आणला. व्हायोलाच्या तारा खालून वर सी, जी, डी, ए. व्हायोलिनपेक्षा साडेतीन सूर खाली, हे तुम्हाला माहीतच आहे. मी सी आणि जी अर्धा सूर चढवल्या, डी आणि ए अर्धा सूर उतरवल्या. झालं, सा प सा प, काळी एक. एकही तार ढिली नाही, एकही ताणलेली नाही. आणि चौथी तार म्हणजे थेट बुवांचा षड्ज, त्यांच्याच सप्तकातला.

त्रिपुरारी पौर्णिमेच्या उत्सवात तो घेऊन बसलो. बुवांनी भीमपलास काढला. सुरुवातीला मी जपून होतो, कारण ती जाड तार लगेच बोलत नाही. गज टेकवून थोडं वजन द्यावं लागतं, मग ती धरते. म्हणून सूर हवा त्याच्या किंचित आधी हात निघावा लागतो. आलापीत बुवा मध्यमावर येऊन थांबले. तो मध्यम मी चौथ्या तारेवर, पूर्ण गजानं लावला. बुवांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मग तोच मध्यम पुन्हा घेतला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही. पेटीवाल्यानं भाता हलका केला. दोन आवाज एकमेकांत असे मिसळले की कोणता कोणाचा ते मला स्वतःला कळेना. इतकी वर्षं साथ करतोय, पण साथ म्हणतात ती ही, असं त्या रात्री वाटलं.

कार्यक्रम संपल्यावर काका खांबाला टेकून बसले होते. मला म्हणाले, “तुका व्हायोलिन झेपाक नाय म्हणान ह्यो घेतलंस मा?” बाजूचे चार जण हसले. तेव्हा वडीलधाऱ्यांसमोर तोंड उघडलं नाही. आज उघडतो.

‘व्हायोलिनमध्ये मागे पडला तो व्हायोला धरतो’ हे मत अडाणीपणाचं आहे. विल्यम प्रिमरोझ मुळात व्हायोलिनवादक. १९३० च्या सुमारास तो व्हायोलाकडे वळला आणि विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या व्हायोलावादकांत गणला गेला. बार्टोक या संगीतकारानं त्याच्यासाठी व्हायोला काँचेर्टो, म्हणजे व्हायोला पुढे आणि वाद्यवृंद साथीला अशी रचना, लिहायला घेतला. १९४५ मध्ये बार्टोक गेला म्हणून तो अपुरा राहिला. मोझार्टला चार तंतुवाद्यांच्या चौकडीत बसायचं तर व्हायोला आवडायचा. १७७९ साली व्हायोलिन आणि व्हायोला या जोडीसाठी त्यानं जी सिंफोनिया कोंचेर्तांते लिहिली, तीत व्हायोलाच्या चारही तारा अर्धा सूर चढवून लावायला सांगितल्या, म्हणजे तो व्हायोलिनशेजारी झाकोळणार नाही. तारा चढवून-उतरवून हवा तो आवाज काढणं ही काही वेंगुर्ल्यातल्या एका पोराची लहर नव्हती. आणि परदेशी नावं नको असतील तर एम. बालमुरलीकृष्ण घ्या. एवढे मोठे गायक, पण व्हायोला हातात घेऊन मैफलीला बसत. त्यांना काय झेपत नव्हतं?

काकांचा कान तयार आहे, याबद्दल शंका नाही. पण त्यांच्या लेखी वाद्य म्हणजे वरचा, चमकदार, सगळ्यांना ऐकू जाणारा सूर. व्हायोलासारखा मधला आवाज सांभाळायला जास्त कान लागतो, कमी नव्हे. वरचा सूर चुकला तर लोकांना कळतं. मधला चुकला तर लोकांना फक्त सगळंच कुठेतरी बिनसल्यासारखं वाटतं. हे काकांना मी अजून पटवू शकलेलो नाही, आणि आता ते पटवून घेणारही नाहीत.

आता तुमचं पुणं. तिथे खुर्ची रिकामी आहे एवढ्यासाठी जाऊ नका. खुर्ची उद्या भरेल, मग काय करणार? आधी कोणाचा तरी व्हायोला मागून आणा, सीची तार मोकळी वाजवा, नुसती, खूप वेळ. तो आवाज छातीत उतरला तर वळा. पुन्हा व्हायोलिनच्या वरच्या तारेकडेच हात जात असेल तर राहू द्या. व्हायोलाचं नोटेशन ज्या खुणेनं लिहितात त्या आल्टो क्लेफचा बाऊ करू नका, मधल्या रेषेवर मधला सी, वाचायला लागलात की येतं.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या, त्या आता सांगतो. व्हायोलिनचं पोट साधारण चौदा इंच. व्हायोलाला ठरावीक माप नाही, पंधरा ते साडेसोळा इंचांपर्यंत सर्रास मिळतात. आपण मांडी घालून वाजवतो तेव्हा वाद्याचं डोकं पावलावर टेकलेलं असतं, वजन जाणवत नाही. पुण्यात खुर्चीवर बसून खांद्यावर धराल तेव्हा जाणवेल. मोठा घेऊन मिरवू नका, हाताला झेपेल तो घ्या; आधीच मान-खांदा दुखत असेल तर हा विचारच सोडा. गवई मंद्रात, म्हणजे आपल्या षड्जाच्या खाली, उतरले की चौथी तार संपते, तिथे वरच्या सप्तकात जाण्यावाचून इलाज नाही. द्रुत ताना व्हायोलिनइतक्या सुटसुटीत निघत नाहीत. आणि बाई काळी चार किंवा पाचमध्ये गात असतील तर व्हायोलिनच हवं, त्यामुळे तुमचं व्हायोलिन विकू नका.

घ्यायचाच झाला तर पावसाळ्यात घेऊ नका. आपल्याकडच्या दमट हवेत सरस सुटतो, कडेचा सांधा उघडतो, खुंट्या फुगून अडकतात, आणि वाद्य वाईट की हवा वाईट तेच कळत नाही. दिवाळीनंतर मुंबईला किंवा पणजीला जा, तारांचा एक जादा संच तेव्हाच घेऊन ठेवा, आणि दुकानदार कितीही घाई करो, सीची तार काळी एकला लावून त्याच्यासमोर वाजवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.