जावाचा पिस्टन सापडेल, आधी पॉलिसी परत करा

मिरजेच्या एका वाचकाचे पत्र आहे. वय ४४, हातात येणारा पगार ५८ हजार, दोन मुले. वडील गेल्या वर्षी गेले. त्यांची १९७२ ची जावा २५० मोटारसायकल अकरा वर्षे गोठ्यात उभी आहे, ती पुन्हा चालू करायची आहे. मेकॅनिक म्हणतो, १९७५ ची एक बंद येझदी ६० हजारांत मिळतेय. ती घेऊन टाकू आणि तिचे पार्ट जावाला लावू. नाहीतर एकेक पार्ट शोधत फिरा. एकूण खर्च दीड लाख, त्यासाठी १४ टक्क्यांचे पर्सनल लोन. गाडी तयार झाली की साडेतीन लाखांना जाईल, असा यांचा अंदाज. प्रश्न एवढाच की येझदी घ्यावी की सुटे पार्ट?

आणि मग शेवटी, जाता जाता, हे: "लोन काढावे लागतेय, कारण बाबांच्या १२ लाखांच्या एफडीवर नॉमिनी मी होतो आणि त्यातून बँकेतल्या मॅडमनी गॅरंटीड प्लॅन करून दिला. वर्षाला २ लाख, दहा वर्षे. विसाव्या वर्षी ४० लाख, म्हणजे दुप्पट. पॉलिसी १२ दिवसांपूर्वी मेलवर आली."

हे "१२ दिवसांपूर्वी" वाचले आणि जावा बाजूला ठेवून या गृहस्थांना आधी ई-मेल केला. कारण हा गॅरंटीड प्लॅन म्हणजे विमा पॉलिसी, आणि ती हातात पडल्यापासून ३० दिवस परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात. कारण सांगत बसावे लागत नाही. स्टॅम्प ड्युटी, तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च कापून बाकीचे परत मिळतात. एकतिसाव्या दिवशी गेलात, तर हीच मॅडम तुम्हाला सरेंडर व्हॅल्यूचा, म्हणजे पॉलिसी मधेच मोडली तर किती मिळेल याचा, तक्ता दाखवतील आणि तो बघून घाम फुटेल.

आता ते "दुप्पट". पहिला हप्ता २० वर्षे अडकणार, दहावा ११ वर्षे. सरासरी साडेपंधरा वर्षे. पैसे दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी ७२ ला भागले की साधारण व्याजदर कळतो. ७२ ला साडेपंधराने भागा, येतात साडेचार टक्क्यांच्या आसपास. झाले तुमचे गॅरंटीड! हेच हप्ते ७ टक्क्यांनी वाढले असते तर विसाव्या वर्षी ५८ लाख झाले असते. फरक १८ लाखांचा. मॅडम खोटे बोलल्या नाहीत हो, दुप्पट होतेच. किती वर्षांत, हे तुम्ही विचारले नाही.

शिवाय हप्ते भरणार कुठून? पहिला गेला, १० लाख उरले, म्हणजे आणखी पाच हप्ते. सातव्या वर्षापासून पगारातून महिन्याला साडेसोळा हजार बाजूला काढायचे. तेव्हा तुम्ही पन्नाशीत असाल आणि मोठा मुलगा कॉलेजात. विमा म्हणाल तर २० लाखांचा, तोही एकुलता एक. ५८ हजारांवर चौघे आणि आई जगत असतील, तर २० लाख म्हणजे तीन वर्षांचा पगारसुद्धा नाही. एक कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे नुसता विमा, घ्या. तब्येत ठीक असेल तर वर्षाला साधारण २५-३० हजारांत बसेल.

यापेक्षाही मला खटकले ते वेगळेच. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तुम्ही मृत्युपत्राचा उल्लेख केलेला नाही. ते नसेल तर वडिलांच्या पैशात आई, तुम्ही आणि पुण्याची बहीण यांचा सारखा वाटा. आई ६८ वर्षांच्या, पेन्शन नाही, असे तुम्हीच लिहिता. मग त्यांच्या औषधपाण्याचा पैसा तुमच्या ६४ व्या वर्षापर्यंत कोंडून कसा ठेवता? १२ लाख परत गोळा करा आणि दोघा भावंडांची संमती असेल तर आईच्या नावाने पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. सध्या ८.२ टक्के व्याज आहे. दर तीन महिन्यांना सुमारे साडेचोवीस हजार आईच्या खात्यात.

अर्ज विमा कंपनीला लेखी द्या, बँकेला नव्हे. ई-मेल करा, शाखेतही द्या, पोच घ्या. "आता होत नाही", "तुमच्यासाठी दुसरा प्लॅन बघते" यातले काही ऐकू नका. टाळाटाळ झाली तर विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार करा.

आता जावा.

मेकॅनिक अगदीच चुकीचे सांगत नाही. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९७३ पासून येझदी हे नाव लावले. टाकीवरचा बिल्ला बदलला, इंजिन बरेचसे तेच राहिले. त्यामुळे १९७५ ची येझदी तुमच्या गाडीची सख्खी बहीण. मात्र येझदीच्याच पुढच्या रोडकिंग मॉडेलचे सगळे जुळेल असे धरू नका. आणि २०१८ नंतरची नवी जावा दिसायला कितीही तशी असली, तरी ती फोर-स्ट्रोक, तुमची टू-स्ट्रोक. तिच्या इंजिनातले तुमच्या काही कामाचे नाही.

पण बंद येझदीतून नेमके काय मिळणार? पिस्टन, बेअरिंग, ऑइल सील, क्लच प्लेट तिचेही पन्नास वर्षे झिजलेले. ते नवेच घ्यावे लागतील. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६५ मिलीमीटरचा. सिलिंडर बोअरिंग करून घ्या आणि मगच त्या मापाचा ओव्हरसाइझ पिस्टन शोधा, उलटे नको. येझदीचा खरा उपयोग पत्र्याला. टाकी, मडगार्ड, चेनकेस, हेडलाइटचा खोका गंजलेले नसतील तर ६० हजार कदाचित वसूल होतील. तुम्ही पत्रात दिलेल्या पार्टच्या यादीत तर पत्र्यापैकी फक्त मागचे मडगार्ड आणि एक सायलेन्सर आहे! त्यासाठी अख्खी गाडी? जुना पार्ट पिशवीत घालून पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी दोन-चार चकरा मारा, नाना पेठेतही विचारा. येझदीचे इंजिन उचलून बसवले, तर आरसीवरच्या इंजिन नंबराचा घोळ होईल, तो वेगळाच.

लोन नको. दीड लाखावर तीन वर्षांत ३५ हजार व्याज जाईल. महिन्याला सहा-सात हजार बाजूला टाका, दोन वर्षांत गाडी उभी राहील. गोठ्यात अकरा वर्षे थांबलीच आहे. साडेतीन लाखांचे स्वप्नही सोडा. याच गाडीवरून आई-बाबा नरसोबाच्या वाडीला जायचे, असे तुम्ही चार ओळी लिहिल्यात. तुम्ही ती विकणार नाही. हौस आहे, तर हौसेच्या खात्यात लिहा.

आरसी अजून वडिलांच्या नावावर आहे. पार्टवर पैसे घालण्याआधी फॉर्म ३१ भरून ती तुमच्या नावावर करा, आरटीओत इतर वारसांची संमती मागतील. म्हणजे आई आणि बहीण सहीसाठी एकत्र बसणारच. एफडीचा विषयही तेव्हाच काढा.