गिअरच्या मुठीचं सोललेलं चामडं

प्रश्न : माझ्या गाडीच्या गिअर नॉबचं चामडं वरून सोलून पांढुरकं झालंय. काळं बूट पॉलिश लावलं तर चालेल का? की नॉबच बदलू?

उत्तर : बूट पॉलिश नको. घामेजल्या हाताला ते लागतं आणि तिथून शर्टाला. आधी नखाने खरवडून बघा. पापुद्रे निघून खाली विणलेलं कापड दिसलं तर ते रेक्झिन आहे, त्यावर मेहनत वाया जाईल. तंतुमय, मखमली थर दिसला तर अस्सल चामडं. फक्त वरचा रंग गेलाय. हा रंग बहुतेकदा घाम आणि सॅनिटायझर खातात.

सौम्य साबणाच्या फेसाने पुसा, पूर्ण वाळू द्या. ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलकटपणा काढा. मग चामड्याचा पाण्यात मिसळणारा रंग स्पंजने थापटत द्या. पातळ हात, प्रत्येक हात वाळल्यावरच पुढचा. घाईत जाड थर दिलात तर आठवड्यात भेगा पडतील. शेवटी मॅट टॉपकोट, म्हणजे रंग टिकवणारा बिनचमकीचा वरचा थर, हवाच. चकचकीत मूठ मला तरी बघवत नाही.

शिवण उसवली असेल तर सरळ नवा नॉब घ्या. मात्र जुना आट्यांचा आहे, स्क्रूने आवळलेला की नुसता दाबून बसवलेला, हे आधी पाहा. आट्यांचा असेल तर माप जुळवा : एम१० मध्ये (१० मिमी व्यासाच्या आट्यांत) सुद्धा १.२५ आणि १.५ मिमी अशा दोन पिच, म्हणजे दोन आट्यांमधली अंतरं, मिळतात. दाबून बसवलेला उपसताना तोंड बाजूला ठेवा, सुटला की थेट हनुवटीवर येतो! रिव्हर्ससाठी उचलायची रिंग असेल तर नवा नॉब तिला जुळणाराच हवा.