वाचकांचे प्रश्न : भर समुद्रातील हवामान आणि दिनक्रम

प्रश्न : माझी पुतणी चौघांच्या चमूत शिडाच्या नौकेने गोव्याहून मॉरिशसला जाणार आहे. मोबाइलची रेंज नसलेल्या समुद्रात या मंडळींना हवामान कसे कळते, आणि दिवसभर ती करतात तरी काय? आमच्या घरी वडिलांच्या वेळचा वायुभारमापक आहे. तो नेहमी 957 च्या आसपास दाखवतो. पुतणी मात्र समुद्रावर 1010 असतो असे सांगते. आमचे यंत्र बिघडले आहे का? आणखी एक घरगुती शंका : तिच्यासोबत कडक भाकरी आणि शेंगा चटणी द्यावी का?
— एक निवृत्त शिक्षक, सोलापूर

उत्तर : आपले यंत्र बहुधा ठणठणीत आहे. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरांहून थोडे अधिक उंचीवर आहे आणि एवढ्या उंचीपर्यंत दर आठ-साडेआठ मीटरांमागे हवेचा दाब सुमारे 1 हेक्टोपास्कलने उतरतो. त्यामुळे समुद्रावर 1010 असताना आपल्याकडे 957 दिसणे हेच बरोबर आहे. हवामान नकाशांवर सोलापूरचा आकडा हजाराच्या आसपास किंवा त्याहून अधिक दिसतो, कारण तो समुद्रसपाटीच्या हिशेबाने बदलून लिहिलेला असतो.

हे यंत्र भिंतीवर शोभेला न ठेवता आठवडाभर त्याची नोंद करून पाहावी, असे मी सुचवीन, कारण नौकेवरची निम्मी हवामानविद्या त्यातून कळेल. उष्ण कटिबंधात हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो, सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास. आणि दोनदा उतरतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास. हा फरक दोन-तीन हेक्टोपास्कलचा असतो, आणि पुतणीला विषुववृत्ताजवळच्या समुद्रावरही तो असाच दिसेल. म्हणून दुपारी काटा खाली आला की जाणता नाविक घाबरत नाही. तो आजच्या चारची नोंद कालच्या चारच्या नोंदीशी ताडून पाहतो. ही रोजची लय मोडली, किंवा दाब त्या ऋतूच्या सरासरीपेक्षा 3 हेक्टोपास्कलने खाली राहिला, तर त्याला संशय येतो; 5 ने खाली गेला, तर जवळपास चक्रीवादळ आहे असे धरूनच तो पुढचे निर्णय घेतो.

अर्थात केवळ काट्यावर विसंबून आज कोणी निघत नाही. उपग्रह फोनवरून ‘ग्रिब’ नावाच्या, काही किलोबाइट इतक्या लहान, संगणकीय फायली उतरवल्या जातात आणि त्यांतून पुढील काही दिवसांचा वारा व दाब नकाशावर उमटतो. उपग्रह इंटरनेटमुळे काही नौकांवर हे काम आणखी सोपे झाले आहे. मात्र ग्रिब हे संगणकावरील हवामान-प्रतिमानाचे (गणिती नमुन्याचे) कच्चे उत्तर असते. त्यावरून कोणा हवामानतज्ज्ञाची नजर फिरलेली नसते, आणि एखाद्या काळ्या ढगाखालून अर्धा तास सुटणारा सोसाट्याचा वारा त्यात दिसत नाही. पहिल्या तीन-चार दिवसांवर बराच भरवसा ठेवता येतो. आठवड्यापलीकडचे चित्र केवळ अंदाजापुरते पाहावे. त्यामुळे अधिकृत इशारेही वाचावे लागतात. उत्तर हिंदी महासागरातील चक्रीवादळांची जबाबदारी दिल्लीच्या भारतीय हवामानशास्त्र विभागाकडे आहे आणि मॉरिशसच्या बाजूची रीयुनियन बेटावरील केंद्राकडे. म्हणजे पुतणीला वाटेत इशाऱ्यांचे केंद्रही बदलावे लागेल. या सर्व माहितीवर जागतिक वेळ छापलेली असते. आपल्या घड्याळात सकाळचे साडेपाच वाजतात तेव्हा जागतिक वेळेत शून्य तास असतो, आणि नवखी माणसे इथेच हमखास चुकतात.

आता दिनक्रम. पाळ्या म्हणजे काय, हे गिरण्यांच्या सोलापुराला सांगायला नको. चौघे असतील तर बहुधा दोघादोघांच्या जोड्या तीन किंवा चार तासांच्या पाळ्यांनी आळीपाळीने जागतात, त्यामुळे सलग रात्रभर झोप कोणालाच मिळत नाही आणि जेवणापेक्षा झोपेचेच नियोजन अधिक काटेकोर करावे लागते. जागणाऱ्याचे काम सुकाणू आणि शिडे सांभाळणे, क्षितिजावर इतर जहाजे पाहणे आणि तासातासाला नोंदवही लिहिणे हे असते. तिच्यातील एखादी ओळ अशी असते (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) : ‘0400. दाब 1009. वारा आग्नेय, 18 नॉट. मोठे शीड एक पट्टी आखडलेले. नैऋत्येकडून लांब, संथ लाटा.’ शेवटचे वाक्य विशेष मोलाचे आहे. वारा आग्नेयेचा आणि लाटा नैऋत्येच्या, याचा अर्थ त्या लाटा इथल्या वाऱ्याने उठवलेल्या नाहीत. दूर कुठेतरी मोठे वादळ झाले आहे किंवा चालू आहे. अशा लाटा पुष्कळदा वादळाच्या आधी येऊन पोहोचतात. पहाटे चारला पेंगत लिहिलेली अशी ओळ दुपारी उतरवलेल्या फायलीइतकीच उपयोगी पडते, म्हणून नोंदवहीचा कंटाळा करणारा सोबती मला फारसा विश्वासाचा वाटत नाही.

हवामानावरच घरकामही ठरते. वारा वाढणार असे दिसले की आधीच भात-आमटी करून ठेवायची, झोपलेला माणूस खाली पडू नये म्हणून झोपायच्या फळीची कापडी आड ताणून बांधायची आणि कमरेचा सुरक्षा-पट्टा लावल्याशिवाय डेकवर पाऊल ठेवायचे नाही. वारा पडला, आणि विषुववृत्ताच्या पट्ट्यात तो दिवसेंदिवस पडतो, की कपडे वाळवणे, शिडांची शिवण तपासणे आणि समुद्राच्या पाण्याने अंघोळ ही कामे निघतात. खाऱ्या पाण्यात साध्या साबणाला फेस येत नाही, आणि गोडे पाणी शेवटी अंगावरचे मीठ उतरवण्यापुरतेच मिळते.

कडक भाकरी अवश्य द्या. ती आमटीत कुस्करून वाडग्यात खाता येते आणि डोलणाऱ्या नौकेत ताटापेक्षा वाडगाच हातात राहतो. मात्र समुद्राच्या दमट हवेत ती एका दिवसात मऊ पडेल, म्हणून चार-पाच भाकऱ्यांची हवाबंद पाकिटे करावीत आणि एका वेळी एकच फोडावे. चटणीही छोट्या पुड्यांत द्यावी, कारण एकदा उघडल्यावर शेंगदाणा लवकर खवट होतो. पहिले तीन दिवस मात्र तिने चटणीला हात लावू नये, कारण समुद्र लागण्याचे दिवस बहुतेकांना तेच असतात. पुठ्ठ्याचे खोके देऊ नका. त्यांतून झुरळांची अंडी नौकेवर येतात.

प्रश्न : वादळाची बातमी चार दिवस आधी कळते, तर नौकेने वेगाने दूर का निघून जाऊ नये?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : वेग नसतो म्हणून. लहान शिडाची नौका ताशी पाच-सहा सागरी मैल जाते, म्हणजे दिवसाला 120 ते 140. एक सागरी मैल 1.852 किलोमीटरचा असतो. चक्रीवादळ पुष्कळदा याच्या दुप्पट वेगाने सरकते आणि त्याचा विस्तार शेकडो किलोमीटरांचा असतो. त्यामुळे पाठलाग सुरू झाल्यावर पळण्यात अर्थ उरत नाही. आधी मिळालेले तीन-चार दिवस त्याच्या वाटेतून बाजूला होण्यासाठी वापरायचे असतात. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले की वादळाचा मध्य उजव्या हाताला, किंचित मागे असतो, आणि वादळाच्या वाटचालीची उजवी बाजू अधिक घातक असते. विषुववृत्ताच्या दक्षिणेला या दोन्ही गोष्टी उलट होतात.

खरा बचाव पंचांगात असतो. अरबी समुद्रात मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर, तर मॉरिशसच्या बाजूला नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ. निघण्याची तारीख या दोन्हींच्या मधून काढावी लागते. भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांची ‘तारिणी’ ही शिडाची नौका 10 सप्टेंबर 2017 रोजी गोव्याहून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली, आणि जानेवारी 2018 मध्ये, म्हणजे दक्षिणेकडच्या उन्हाळ्यात, तिने दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाचे केप हॉर्न ओलांडले. तरीही दक्षिण महासागरात तिला मोठी वादळे सोसावी लागलीच.