आधी लाकूड, मग मोहीम

प्रिय,

तुझ्या लोकवर्गणीच्या मोहिमेचा मसुदा दोनदा वाचला. आजोबांपासून चालत आलेलं सुतारकाम, पाडलेल्या घरांच्या तुळया वाचवून त्यांचं फर्निचर करायची तुझी धडपड, सगळं मनापासून उतरलंय. पण घोषणेची तारीख पुढे ढकल. कारण सांगतो.

लोकवर्गणीतून मिळणारा पैसा देणगीसारखा वाटतो, पण ज्याला तू बदल्यात स्टूल किंवा शेल्फ देणार आहेस त्याच्यासाठी ती आगाऊ ऑर्डर असते, तारखेसकट. नव्या लाकडाच्या कारखानदाराला ऑर्डरी वाढल्या की आणखी फळ्या मागवता येतात. तुला येणार नाहीत. एका वाड्याच्या तुळया संपल्या की तसं लाकूड पुन्हा कधी हाती लागेल, ते कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून आज जे लाकूड रचून ठेवलंय, त्यातून निघतील तेवढ्याच वस्तू मोहिमेत ठेव. लोकवर्गणीच्या बहुतेक ऑनलाइन मंचांवर प्रत्येक वस्तूची कमाल संख्या ठरवता येते, ती न चुकता भर.

आता मोजायचं कसं, तर तुळईच्या बाहेरच्या मापावर अजिबात विसंबू नकोस. टोकं चिरलेली असतात, जुन्या सांध्यांच्या खाचा असतात, खिळ्याभोवतीचं लाकूड काळं पडलेलं असतं. वेगवेगळ्या जाडीच्या आठ-दहा तुळया घे, चिरून रंधा मार आणि वापरण्याजोगं किती उरलं ते लिहून ठेव. तुमच्या वखारीचं खरं प्रमाण तेच. इतरांचे आकडे घेऊ नकोस, कारण त्यांचं लाकूड वेगळं. करवतीखाली घालण्याआधी प्रत्येक नगावरून मेटल डिटेक्टर फिरव. आत तुटून राहिलेला एक खिळा पातं घालवतो, आणि माणसालाही इजा करू शकतो.

ओलाव्याचं तर मी पुन्हा पुन्हा सांगेन. शंभर वर्षांचं लाकूड म्हणजे वाळलेलंच, असं गिऱ्हाइकाला वाटतं. पण उघड्यावर पडलेल्या तुळईत पंधरा-वीस टक्के ओलावा सहज असतो. घरातल्या फर्निचरला साधारण आठ ते बारा टक्के लागतो, आणि वस्तू कोरड्या, गरम ठेवलेल्या घरात जाणार असेल तर त्याहूनही कमी. वाळताना फळी आडवी आकसते, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे घाईत जोडलेलं टेबल काही महिन्यांनी गिऱ्हाइकाच्या घरी फाटतं. ओलावा मोजणारा मॉइश्चर मीटर स्वस्त असतो. नवं मशीन घेण्याआधी तो घे. चिरलेल्या फळ्या मधे पट्ट्या घालून रच आणि काही आठवडे थांब. आतला ताण मोकळा झाला की काही वाकतील, त्या मोजणीतून काढून टाक.

काही लाकूड तर फुकट मिळालं तरी नको म्हण. रेल्वेच्या जुन्या स्लीपरांत क्रिओसोट, म्हणजे लाकूड टिकवायचं विषारी डांबरी तेल, मुरलेलं असतं, ते घरात आणायचं नाही. पॅलेटवर, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटीवर, ‘एमबी’ असा शिक्का असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे, ते सोडून दे. ‘एचटी’ म्हणजे गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस तापमान 30 मिनिटं राखून कीड मारलेलं. पण त्यावर नंतर काय सांडलं, हे शिक्का सांगत नाही. म्हणून पोळपाट किंवा चिरायची पाटी अशा लाकडातून करू नकोस. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तो कोरडा घासायचा नाही. ज्या भोकांतून ताजी भुकटी गळते, तिथे कीड अजून जिवंत आहे असं समज. ते लाकूड तापवून घेतल्याशिवाय इतर लाकडाजवळ ठेवू नकोस.

पैशाकडे वळतो. ‘ठरलेली पूर्ण रक्कम जमली तरच पैसे मिळतील’ ही पद्धत निवड. निम्मा पैसा हाती आणि शब्द पूर्ण पाळायचा, ही अवस्था छोट्या घराला झेपत नाही. किकस्टार्टरसारखा मंच पाच टक्के घेतो, वर पेमेंटचा खर्च साधारण तीन ते पाच टक्के. मग पॅकिंग आणि वाहतूक. म्हणून बक्षिसं, म्हणजे बदल्यात द्यायच्या वस्तू, सपाट, हलकी आणि जोडून पाठवता येतील अशी ठेव. मोठी टेबलं जवळपासच्यांसाठी, स्वतः येऊन नेण्याच्या अटीवर. जमलेल्या रकमेवर कर कसा लागेल, हे हिशेबनिसाला आधीच विचार.

तुझ्या हिशेबात बाबांची आणि दुसऱ्या काकांची मजुरी कुठेच दिसली नाही. ती लिही, तासाच्या दराने. घरचं माणूस आहे म्हणून त्याचा वेळ शून्य धरला, तर मोहीम यशस्वी होऊनही ते दोघं वर्षभर फुकट राबतील. माझा सगळ्यात ठाम आग्रह कुठे असेल तर इथे.

उशिराबद्दल तुला भीती वाटते, ती रास्त आहे. ईथन मॉलिक या संशोधकाने 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, किकस्टार्टरवरच्या मोहिमांच्या अभ्यासात तीन-चतुर्थांशाहून जास्त वस्तू ठरल्यापेक्षा उशिरा पोचल्याचं दिसलं. तेव्हा एक स्टूल सुरुवातीपासून पॅकिंगपर्यंत करून बघ, लागलेले तास सगळ्या नगांनी गुण आणि मगच तारीख टाक. पाठीराख्यांना मधूनमधून कामाचे फोटो पाठवत राहा. उशीर होणारच असेल तर ते आधी कळव.

लाकडाची गोष्ट सांगताना मालकाने जेवढं सांगितलं तेवढंच लिही, त्यांना विचारून. वय अंदाजाने फुगवू नकोस. घर उतरवण्याआधी तुळया जागेवर असतानाचे फोटो काढून ठेव. खिळ्यांची भोकं आणि गाठी त्यांत स्पष्ट दिसू देत, म्हणजे वस्तू हातात पडल्यावर कुणी खोट काढणार नाही.

चाचणीचे आकडे, ओलाव्याची नोंद आणि मजुरीसकट खर्च, एवढं मला पाठव. ते बघून मागायची रक्कम आपण मिळून ठरवू.

तुझा,
काका