घरातली १७ वर्षांची गाडी अजून पाच-सात वर्षं चालवायची आहे. काय काळजी घ्यावी?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: गाडी पहिल्यापासून घरातच आहे, पेट्रोल, साधा गिअर, रनिंग जेमतेम ८५,००० किलोमीटर. गॅरेजवाल्याने कामांची लांबलचक यादी दिली आणि वर 'काढून टाका आता' असंही सुनावलं. तुम्हाला गाडी काढायची नाही. यादीतलं आधी काय करायचं आणि हात कुठे आखडता घ्यायचा, एवढंच हवंय. मी मेकॅनिक नाही, पण एकच गाडी वीसेक वर्षं वापरतोय आणि हात काळे करून घ्यायची हौस आहे. त्या जोरावर लिहितो.

'८५,००० म्हणजे काहीच नाही' हे इंजिनापुरतं खरं आहे. वेळेवर ऑइल मिळालेलं इंजिन याच्या दुप्पट-तिप्पट सहज चालतं. पण रबर, ऑइल-कूलंटसारखे द्रव आणि पत्रा यांना किलोमीटरशी फारसं देणंघेणं नसतं, ते वर्षांच्या हिशोबाने म्हातारे होतात. गाडीसोबत आलेल्या पुस्तकात बहुतेक कामांपुढे दोन आकडे असतात: इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते. दुसरा आकडा कोणी वाचत नाही. तुमच्यासारख्या कमी चालणाऱ्या गाडीला मात्र तोच लागू होतो. उभी गाडी खराब होत नाही हा समज डोक्यातून काढून टाका.

सगळ्यात आधी तुमच्या इंजिनात टायमिंग चेन आहे की बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा ताल जुळवून ठेवणारा पट्टा), ते शोधा. बेल्ट असेल आणि कधी बदलला हे कोणालाच आठवत नसेल, तर ब्रेक-टायरसारखी कामं सोडून बाकी सगळ्याच्या आधी तो बदला. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की उघडे राहिलेले व्हॉल्व्ह आणि वर येणारा पिस्टन एकमेकांवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवावं लागतं. बेल्ट बहुधा काही आवाज न देताच तुटतो. त्यामुळे 'अजून चांगला चाललाय' या वाक्याला इथे अर्थ नाही. बदलताना टेन्शनर आणि आयडलर (बेल्ट ताणून धरणाऱ्या पुल्या) बदलूनच घ्या. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही, कारण तिथपर्यंत पोचायची मजुरी एकदाच द्यायची असते.

त्यानंतर कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव. त्यातलं गंज रोखणारं रसायन काही वर्षांत संपतं. हिरवा किंवा गुलाबी रंग तसाच दिसतो, म्हणून लोक फसतात. ते संपलं की रेडिएटर आणि वॉटर पंप आतून खायला सुरुवात होते. नुसतं नळाचं पाणी टाकत गेलात तर आत क्षारांचा थर बसतो. गाडी पूर्ण गार असताना होज पाइप बोटांनी दाबून बघा, विशेषतः क्लॅम्पजवळ. दाबल्यावर कडक लागून चरचरला, किंवा उलट पिलपिलीत होऊन फुगलेला असेल, तर तो बदलायचा. रेडिएटरच्या झाकणाकडे सहसा कोणी बघत नाही. ते कूलंट दाबाखाली ठेवतं आणि दाबामुळेच ते लवकर उकळत नाही. झाकणाचं रबर कडक झालं की दाब टिकत नाही, मग गाडी चढावर गरम व्हायला लागते आणि भलत्याच वस्तू बदलल्या जातात. झाकण बदलणं हे सगळ्यात स्वस्त काम आहे, तिथून सुरुवात करा. आणि गाडी गरम होऊन काटा लाल पट्ट्याकडे गेला तर 'घर आलंच' म्हणत पुढे रेटू नका. ॲल्युमिनियमचं हेड एकदा वाकलं की जुन्या गाडीचा हिशोब तिथेच संपतो.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर त्याच प्रतीसाठी मानलेली किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब उतारावर ब्रेक तापले, ऑइल उकळून वाफ झाली, तर पॅडल सरळ खाली जातं. म्हणून दर दोन वर्षांनी ते पूर्ण बदलायचं, वरून टॉप-अप करून भागत नाही. सिलिकॉनचं डॉट ५ मात्र त्यात मिसळू नका. पॅड बघायला चाक काढलं की कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना हाताने आत-बाहेर सरकतात का तेही बघायला सांगा. कमी चालणाऱ्या गाडीत त्या जाम होतात. ओळखायची खूण सोपी आहे: एकाच चाकाचा आतला पॅड झिजून गेलेला आणि बाहेरचा जवळजवळ नवा. दुसरी खूण म्हणजे थोडं चालवून थांबल्यावर एका रिमजवळ हात नेला तर ते बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असतं. हात जवळ न्या, लावू नका.

टायरची नक्षी शिल्लक आहे म्हणून टायर चांगला, असं नसतं. टायरच्या बाजूला डॉट कोडच्या शेवटी चार आकडे असतात. ३५१४ म्हणजे २०१४ सालचा ३५वा आठवडा. दहा वर्षं झाली की नक्षी कितीही असो, टायर काढा. आणि स्टेपनीचाही आकडा वाचा. घरातल्या गाड्यांची स्टेपनी बऱ्याचदा पहिल्या दिवसापासूनची असते.

आता इलेक्ट्रिकचं. जुन्या गाडीत सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथेच. माझ्या गाडीचा सेल्फ संथ फिरायला लागला, हेडलाइट मंद झाले. बॅटरी नवी होती, म्हणून अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा भाग) गेला असं निदान झालं. मी एक जंपर केबल घेतली. तिचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूला लावून किल्ली फिरवली. सेल्फ झटकन फिरला. दोष होता इंजिनापासून बॉडीकडे जाणाऱ्या अर्थच्या पट्टीत. वरून धड दिसत होती, बोल्टखाली मात्र हिरवट बुरशीसारखा थर आणि अर्ध्या तारा तुटलेल्या. पट्टी बदलली, बोल्टाखालची जागा पॉलिशपेपरने घासली, अल्टरनेटर आजही तोच आहे. साधा मल्टिमीटर जवळ ठेवा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. एवढे आकडे माहीत असले की कोणी काहीही गळ्यात मारू शकत नाही.

इंजिन ऑइलबद्दल थोडक्यात: रनिंग कितीही कमी असो, वर्षातून एकदा फिल्टरसकट बदला, पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच. 'जुनं इंजिन आहे, जाड ऑइल टाकू' हा सल्ला सरसकट ऐकू नका. डिपस्टिक महिन्यातून एकदा स्वतः बघा. फिलर कॅपखाली दुधी, साईसारखा थर दिसला तर लगेच हेड गॅस्केट गेलं म्हणून छाती बडवू नका. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत इंजिन पुरतं तापत नाही, आतल्या दमट हवेतल्या वाफेचं पाणी होतं आणि तोच थर येतो. एक तासभर मोकळ्या रस्त्यावर चालवून पुन्हा बघा. कूलंट कमी होत असेल आणि गरम इंजिनातूनही पांढरा धूर येत राहिला, तर मात्र काळजीचं कारण आहे.

ऑइल थोडंसं पाझरतंय हेही तुमच्या यादीत मोठ्या अक्षरात असेल. व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट असेल तर बदलून टाका, काम सोपं आहे, आणि ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर पडू देणं बरं नाही. क्रँकच्या मागच्या सीलमधून ओल दिसत असेल पण जमिनीवर थेंब पडत नसेल, तर पुढे क्लच बदलताना गिअरबॉक्स उतरेल तेव्हा करा. फक्त त्यासाठी गिअरबॉक्स उतरवू नका.

आणि पत्रा. माझं मत विचाराल तर गाडी शेवटी पत्र्यानेच मरते. बाकी सगळं बदलता येतं. विंडशील्डच्या खाली, वायपरजवळ, पाणी वाहून जायला वाट असते. तिथे पाला साचून ती बुजते आणि पाणी केबिनमध्ये उतरतं. पायाखालचं मॅट उचलून खालच्या फोमवर हात दाबून बघा. ओल लागली तर वास घ्या. साधं पाणी असेल तर बुजलेली वाट किंवा काचेचं रबर. चिकट आणि गोडसर वास असेल तर हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय. दाराच्या खालच्या कडेलाही बारीक भोकं असतात, ती काडीने मोकळी ठेवा. रंगावर आलेला फुगा हा बहुधा आतून आलेल्या गंजाचा असतो, वरून टचअप मारून तो थांबत नाही. गंज न काढता त्यावर अंडरकोटिंग मारून देणाऱ्यांपासून दूर राहा, ओल आत कोंडली की पत्रा आणखी लवकर सडतो.

सुट्या भागांचं माझं धोरण असं आहे. रबर, ब्रेक, बेल्ट, बेअरिंग या वस्तू नव्या आणि नावाजलेल्या कंपनीच्याच घ्यायच्या. काचेचं हँडल, आरसा, स्विच, दाराची आतली पॅनल हे स्क्रॅपमधून उचलायला हरकत नाही. उलट आत्ताच शोधून ठेवा. इंजिनाचे भाग अनेक वर्षं मिळत राहतात, पण हेडलाइट आणि प्लॅस्टिकच्या क्लिपा आधी बाजारातून गायब होतात.

एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, काय बदललं, कोणत्या कंपनीचं, आणि पेट्रोल भरलं की ॲव्हरेज. दिसायला हे कारकुनी काम आहे, पण ॲव्हरेज हळूहळू पडताना दिसलं की धरून बसलेला ब्रेक किंवा उघडाच अडकलेला थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघड-बंद करणारा व्हॉल्व्ह) वेळेत सापडतो. शिवाय 'सस्पेन्शनचे बुश गेलेत' असं कोणी म्हणालं की ते कधी टाकले होते हे लगेच काढून दाखवता येतं.

आता तुमची यादी समोर घ्या. थांबणं आणि वळणं, म्हणजे ब्रेक, टायर, बॉल जॉइंट, स्टिअरिंगचे टाय रॉड, यावर आधी खूण करा. यात तडजोड नाही आणि हप्ते पाडणंही नाही. मग टायमिंग बेल्ट आणि कूलिंग. एसी, रंग, सीट कव्हर, डॅशबोर्डचा खडखडाट, सगळं नंतर. गॅरेजवाल्याला प्रत्येक कामापुढे 'हे नाही केलं तर काय होईल' असं विचारा. चांगला मेकॅनिक यादीतला काही भाग स्वतःच खोडतो. न खोडणारा असेल तर दुसरीकडे दाखवून घ्या.

कुठे थांबायचं? इंजिनाचं मोठं काम निघालं म्हणून मी थांबणार नाही, बॉडी ठणठणीत असेल तर ते करण्यात अर्थ आहे. सस्पेन्शन जिथे बॉडीला बसतं तिथला पत्रा किंवा दाराखालची पट्टी सडून स्क्रूड्रायव्हर आत जायला लागला, की मी थांबेन. तिथे वेल्डिंग करता येतं, पण एकदा सुरू झालं की ते दरवर्षी निघतं. दुसरं कारण गाडीच्या वयाचं आहे. १७ वर्षांपूर्वीच्या अनेक साध्या गाड्यांमध्ये पुरेशा एअरबॅग नाहीत, एबीएसही (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. गाडी गावातल्या गावात फिरत असेल तर मी ती ठेवेन. पण मुलांना घेऊन दर आठवड्याला हायवेवर जायचं असेल आणि घरचे यासाठी बदला म्हणत असतील, तर मी त्यांच्या बाजूने बोलेन.